तिसरी हाक

दिवाणी कोर्टात दाव्याचं नाव निघालं की शिपायाने बाहेर येऊन पक्षकाराला तीनदा हाक मारायची, असा जुना रिवाज आहे. त्याला पुकारा म्हणतात. तिसऱ्या हाकेनंतरही माणूस आला नाही तर तो गैरहजर. दावा लावणारा गैरहजर असेल तर दावा काढून टाकतात. ज्याच्यावर दावा लावला तो गैरहजर असेल तर त्याच्यावाचून काम पुढे जातं. बहुतेक शिपाई तिन्ही हाका दारातच, एका दमात मारतात. मी ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ते तीन हाका तीन ठिकाणी मारत. पहिली कोर्टाच्या दारात, दुसरी जिन्याच्या तोंडाशी आणि तिसरी खाली आवारात, चिंचेच्या झाडापाशी. तिथे लांबून आलेली माणसं डबे सोडून बसलेली असत.

या फेरीला वेळ लागे. बदलून आलेल्या एका न्यायाधीशांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं होतं, "तुम्ही काय जत्रेत पोर हरवल्यासारखे फिरता?"

"पोर सापडल्याशी कारण, साहेब," ते म्हणाले होते आणि पुढचं नाव घ्यायला बाहेर गेले होते.

कोर्टात सगळे त्यांना मामा म्हणत. मी तेव्हा एका मराठी दैनिकात नवा होतो आणि कोर्टाच्या बातम्या माझ्याकडे होत्या. कोणता दावा आज चालणार, कोणत्याला तारीख पडणार, कोणते वकील दुसऱ्या मजल्यावर अडकले आहेत, हे मामांना न्यायाधीशांच्या आधी माहीत असे. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. "या पेपरवाले, आज तुमच्या कामाचं काही नाही, सगळे सज्जन भांडतायत," असं ते सांगत आणि बहुधा ते खरं निघे.

मामा उंचीने बेताचे होते. पांढरा गणवेश घरी धुतलेला, पण इस्त्री कडक. आवाज मात्र माणसाच्या मापाचा नव्हता. पुकारताना ते प्रत्येक नावापुढे राव किंवा बाई लावत. भावाची जमीन लाटणाऱ्यालाही राव आणि सासूला घराबाहेर काढणाऱ्या सुनेलाही बाई. एका वकिलाने यावर हरकत घेतली, की प्रतिवादीला असा मान दिल्याने आपल्या अशिलाच्या मनावर परिणाम होतो. मामा म्हणाले, "निकाल लागेपर्यंत सगळेच राव. नंतरचं तुम्ही बघा."

आवाराला लागून गणपतीचं एक लहान देऊळ होतं. तारखेच्या दिवशी वादी तिथे नारळ फोडी आणि थोड्या वेळाने प्रतिवादीही फोडी. पुजाऱ्याची दोन्हीकडून सोय होई. मामा रोज सकाळी तिथे हात जोडत, पण नारळ फोडताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी कारण विचारलं.

"नारळ म्हणजे कोर्ट फी हो. कोर्ट फी भरली म्हणजे दावा दाखल झाला, एवढंच. निकाल आपल्या बाजूने लागला असं नाही."

"मग तुम्ही दावाच दाखल करत नाही?"

"मी कर्मचारी आहे. कर्मचाऱ्याने आपल्याच कोर्टात दावा लावू नये."

देवाच्या न्यायाबद्दल ते नेहमी असंच, कोर्टाच्या भाषेत बोलत. त्यात विनोद किती आणि श्रद्धा किती, हे मला बराच काळ कळलं नाही. हरलेला पक्षकार जिन्यात बसून रडत असला की मामा त्याच्याजवळ उभे राहत आणि सांगत, "देवाकडे तारीख मिळते, मनाई हुकूम मिळत नाही. थांबावं लागतं." तिथे घाई का नाही, तर तिथे वरचं कोर्ट नाही, असंही ते म्हणत. "आपल्याकडे चुकलं तर अपील आहे. त्याच्याकडे अपील नाही, म्हणून तो सावकाश वाचतो."

त्यांच्या स्वतःच्या बाबतीत देव फारच सावकाश वाचत होता, असं कोर्टातल्या लोकांचं मत होतं. कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या बेलिफाच्या जागेसाठी त्यांची ज्येष्ठता धरली गेली नाही, कारण त्यांच्या नोकरीची जुनी कागदपत्रं कार्यालयातूनच गहाळ झाली होती. त्यांच्यामागून लागलेला माणूस बेलिफ झाला. त्याच्या बढतीचे पेढे मामांनीच सगळ्यांना वाटले. मलाही एक दिला. "खा. माझी फाईल वर्ग झाली आहे. कुठे, ते कळलं नाही, पण झाली आहे."

ही वर्षं शहर झपाट्याने बदलण्याची होती. कोर्टात ते आधी दिसे. पूर्वी बांधाचे आणि विहिरीचे दावे असत. मग गावाबाहेरच्या माळरानांचे दावे येऊ लागले, कारण तिथे कंपन्या येणार होत्या. धोतरवाल्यांबरोबर सफारीवाले दिसू लागले. पुढे सुनावणी चालू असताना खिशात मोबाइल वाजू लागले. माझ्या संपादकांना बांधाच्या बातम्या नको होत्या, माळरानाच्या हव्या होत्या.

तीन ठिकाणी हाका मारण्याची सवय मामांना पहिल्यापासून नव्हती. सुरुवातीला तेही इतरांसारखे दारातच पुकारत. सवय लागली त्या दिवशी मी तिथे होतो.

येरवड्याच्या एक बाई होत्या. मूळच्या वर्धेकडच्या. नवरा इथे एका कारखान्यात होता. त्याने वस्तीत दोन खोल्या बांधल्या, गावाकडून पुतण्याला आणून शिकवलं आणि आजारी पडून गेला. बाई दिवसकार्यासाठी गावी गेल्या. परत आल्या तेव्हा पुतण्याने दोन्ही खोल्यांना आपलं कुलूप लावलं होतं. त्याचं म्हणणं, घर काकांनी मला दिलं. बाईंनी दावा लावला आणि स्वतः एका ओळखीच्या घराच्या पडवीत राहू लागल्या. दर तारखेला त्या दोन बस बदलून येत आणि नाव निघेपर्यंत बाकावर बसून राहत. त्यांना जरा कमी ऐकू येई.

त्या दिवशी त्यांच्या नावानंतर माळरानाचा एक मोठा दावा होता. तो चालणार की पुढे ढकलणार, हे मला एक वाजायच्या आत कळवायचं होतं. मी दारात वही घेऊन उभा होतो. आतून बाईंचं नाव आलं, मामा बाहेर आले आणि मी त्यांना विचारलं, "मामा, त्या जमिनीचं आज आहे का?" मामांनी दारातच बाईंचं नाव तीनदा सलग पुकारलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "दुपारनंतर घेतील." बाईंचे वकील दुसऱ्या कोर्टात होते. बाई खाली नळावर पाणी प्यायला गेल्या होत्या. आतून आवाज आला, वादी गैरहजर, दावा काढून टाकला.

बाई पदराने तोंड पुसत वर आल्या आणि पुन्हा बाकावर बसल्या. मामांनी आणखी चार नावं पुकारली. मग ते त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, तुमचं नाव झालं."

"झालं? मंग काय म्हनलं साहेबानं?"

"दावा काढून टाकला. तुम्ही नव्हता."

"मी तं सकाळपासून इथंच आहो जी. पानी प्याले गेली होती." मग त्यांनी मामांकडे वर बघून विचारलं, "माह्याकून चुकलं का तुमच्याकून?"

"माझ्याकडून."

बाईंनी पिशवी उचलली. "मंग देव पाहीन. त्याचा पुकारा होईन तवा मी जाग्यावरच राहीन."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मामा देवाच्या कोर्टाची वाक्यं इतकी वर्षं हरलेल्यांना ऐकवत आले होते. तसं वाक्य त्यांना कोणी ऐकवल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या दुपारी माळरानाचा दावा चालला. माझी बातमी पहिल्या पानावर आली. बाईंच्या दाव्यात बातमी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मामांनी एक पानी अर्ज लिहून आणला. बाईंचा पुकारा नीट झाला नाही, दावा परत बोर्डावर, म्हणजे कामाच्या यादीत, घ्यावा. कार्यालयप्रमुख शिरस्तेदारांनी तो वाचून खाली ठेवला. मी टेबलाशीच उभा ऐकत होतो.

"मामा, असं लिहून देतात का? तीनदा हाक मारली की नाही?"

"मारली."

"मग झालं की."

"तोंडाने मारली. तिला ऐकू जाईल अशी मारली नाही."

"नियमात ऐकू जाण्याचं काही नाही."

"मग नियम बहिऱ्याने केला असेल," मामा म्हणाले. "अर्ज आत पाठवा."

अर्ज आत गेला. बाईंच्या वकिलांनीही रीतसर मागणी केली आणि दावा पुन्हा बोर्डावर आला. मामांना कामात हयगय केल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस मिळाली. तिला त्यांनी दिलेलं उत्तर शिरस्तेदारांनी मला नंतर दाखवलं. त्यात दोन वाक्यं होती. ‘कारण नाही. चूक झाली.’ त्यावर त्यांची एक वेतनवाढ कायमची थांबवण्यात आली. निवृत्तीपर्यंत आणि नंतर पेन्शनमध्येही ती कमीच राहणार होती.

कारण होतं. ते दारात वही घेऊन उभं होतं. मामांनी ते लिहिलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही.

तेव्हापासून हाका तीन ठिकाणी सुरू झाल्या. बाकीचे शिपाई हसत. मामींची तक्रार होती की घरीसुद्धा चहा हवा असला की हे एकदा स्वयंपाकघराच्या दारात येतात, एकदा मोरीपाशी आणि एकदा गॅलरीत. "मी ओट्यापाशीच असते हो," असं त्या मला म्हणाल्या होत्या. देवाबद्दलची मामांची वाक्यं मात्र बंद झाली. जिन्यात कोणी रडत असलं की ते नुसतेच शेजारी उभे राहत.

बाईंचा दावा चालत राहिला. आता त्या बाकाच्या अशा टोकाला बसत, की मामांना त्या दिसाव्यात. पाणी प्यायला जाताना सांगून जात. दरम्यान कोर्टात संगणक आले आणि प्रत्येक दाराच्या वर लाल आकड्यांची पाटी लागली. चालू दाव्याचा क्रमांक तिच्यावर उमटे. पुकारा आता उपचारापुरता पुरे, असं शिपायांना सांगण्यात आलं. मामांनी पाटीखाली उभं राहून ती नीट पाहिली. "चांगली आहे," ते म्हणाले. "फक्त नळापर्यंत दिसत नाही."

पुतण्याचा जबाब होता त्या दिवशीही मी कोर्टात होतो. पुतण्याने तोवर चांगला जम बसवला होता. संगणक कंपन्यांच्या लोकांना घरून कामावर नेण्या-आणण्याचं कंत्राट त्याच्याकडे होतं आणि बाईंच्या पुढच्या खोलीत त्याने त्याचं ऑफिस थाटलं होतं. नाव निघालं तेव्हा तो कोर्टात नव्हता. त्याचे वकीलही नव्हते. बाई आपल्या जागी होत्या. मला सरळ दिसत होतं काय होणार ते. प्रतिवादी गैरहजर, काम त्याच्यावाचून पुढे आणि बाईंना त्यांचं घर. इतक्या वर्षांनी, देवाने वेळ बरोबर साधली होती.

मामा बाहेर आले. दारात एक हाक मारली, राव लावून. जिन्याच्या तोंडाशी दुसरी मारली. मी तिथेच होतो.

"मामा, पुरे की," मी म्हणालो. "पाटी लागलीय. दोन झाल्या. तिसरीही इथेच मारा."

ते जिना उतरून झाडापाशी गेले आणि तिसरी हाक मारली. पुतण्या फाटकाबाहेर चहाच्या गाडीपाशी, कानाला मोबाइल लावून कुठल्याशा ड्रायव्हरला रस्ता समजावत होता. त्याची पाठ होती. त्याला ऐकू आलं नाही. तीन हाका झाल्या होत्या. आता परत फिरले असते तर कोणाला काही म्हणता आलं नसतं. मामा फाटकाबाहेर गेले, त्याच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाले, "राव, आपलं नाव निघालंय."

पुतण्या चहा टाकून पळत वर गेला.

मामा जिना चढून आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. मी रागात होतो. "चौथी कशाला मारलीत?"

"चौथी नाही. तिसरीच पुरी केली."

"तिचं घर होतं ते, मामा."

"त्या दिवशी तिला ऐकू आलं नाही, ती माझी चूक म्हणून मी लिहून दिलं. आज याला ऐकू आलं नाही, तर तो देवाचा न्याय?" ते जिन्याच्या कठड्याला टेकले. "असं कसं लिहून देऊ?"

मला बाईंना हे सांगावंसं वाटलं. माझा राग कोणाला तरी पटावा, एवढंच त्यामागे असावं. मी बाकाशी वाकून त्यांच्या कानात म्हणालो, की मामांनीच त्याला बाहेरून शोधून आणलं.

"मंग?" बाई म्हणाल्या. "बलावलंच पाहिजे ना जी. देव काय मले एकटीलेच इचारून निकाल देईन काय?"

पुतण्या पिंजऱ्यात उभा राहिला. त्याची काकू समोर सात-आठ फुटांवर बसली होती. बाईंच्या वकिलांनी सुरुवात साध्या प्रश्नाने केली, या घरात कधीपासून राहता? त्याचे वकील तेवढ्यात धावत आत आले होते, पण त्यांना काही सुचवायला सवड मिळाली नाही. पुतण्या म्हणाला, "काकांनी ठेवून घेतलं तेव्हापासून."

"ठेवून घेतलं, म्हणजे तुम्ही त्यांच्याकडे राहत होता?"

तो काकूकडे बघत होता. "हो."

"काका आजारी असताना त्यांचं कोण करत होतं?"

"काकूच."

"घर तुम्हाला दिल्याचं काकांनी कोणाला सांगितलं? काकूंना सांगितलं का?"

न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा वाचायला सांगितला. "नाही," तो म्हणाला. त्याचे वकील खाली बसले.

निकाल पावसाळ्यानंतर लागला. दोन्ही खोल्या बाईंच्या. त्या दिवशी एका ज्येष्ठ वकिलांनी मला एक गोष्ट समजावली. पुतण्या गैरहजर राहिला असता आणि त्याच्यावाचून निकाल झाला असता, तर तो महिन्याभरात अर्ज करून तो निकाल रद्द करून घेऊ शकला असता. दावा पुन्हा पहिल्या पानावर गेला असता. आता तो हजर होता, त्याचं ऐकून घेतलं होतं, तो स्वतः बोलला होता. तो निकाल हलणार नव्हता आणि हलला नाही. मी धावत जाऊन हे मामांना सांगितलं. त्यांना त्यात विशेष रस दिसला नाही.

"ते वकिलांचं झालं," ते म्हणाले. "मी फक्त हाक मारली."

पण त्या संध्याकाळी जिन्यात एक हरलेले गृहस्थ डोक्याला हात लावून बसले होते. मामा त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि कितीतरी वर्षांनी मी ते वाक्य ऐकलं. "देवाकडे तारीख मिळते, मनाई हुकूम मिळत नाही. थांबावं लागतं."

बाईंनी ताबा घेतला तेव्हा बेलिफाबरोबर मामाही रजा टाकून येरवड्याला गेले होते. दारात बाई पुतण्याला म्हणाल्या, "तुहं हापिस दुसरीकडं ने बाप्पा. जेवाले येत जा." तो जेवायला जात असे का, याची मी चौकशी केली नाही.

मामा निवृत्त होऊन वारज्याला राहायला गेले. मुलाने तिथे तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. मी कोर्टाच्या बातम्या सोडून डेस्कवर आलो होतो. मध्ये काही वर्षं गेली आणि एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. समोर हमरस्ता, नव्या इमारती, पाण्याचे टँकर. तब्येत बरी होती, आवाज तसाच होता. सोसायटीच्या सभेला सभासद जमवायचं काम त्यांच्याकडे आपोआप आलं होतं. ते प्रत्येक मजल्यावर जाऊन हाक मारत आणि त्यामुळे गणसंख्येअभावी सभा तहकूब करण्याची सोय सेक्रेटरींना राहिली नव्हती.

मामी चहा करायला आत गेल्या तेव्हा मी जे बोलायला गेलो होतो ते बोललो. त्या दिवशी दारात मी त्यांना अडवलं होतं. नोटिशीच्या उत्तरात ते माझं नाव लिहू शकले असते. वेतनवाढ कदाचित वाचली असती.

"तुम्ही विचारलंत," मामा म्हणाले. "हाक मला मारायची होती."

"पण शिक्षा तुम्हाला एकट्याला झाली. हा काही न्याय नाही."

"नाही," त्यांनी लगेच मान्य केलं. मला ते अपेक्षित नव्हतं. "तो कार्यालयाचा हुकूम होता. न्याय म्हणून मी तो कधी घेतला नाही. कोण दारात उभं होतं ते देवाला माहीत होतं. म्हणून मला लिहावं लागलं नाही."

"आणि बेलिफाची जागा? ती फाईल?"

"माझा पुकारा व्हायचाय अजून. होईल. मी इथेच बसलोय."

हे त्यांनी समोरच्या टँकरकडे बघत, अगदी सहज सांगितलं. जेवण झालेल्या माणसाने पान नको म्हणावं तसं. मामींनी चहा आणला. विषय मुलाच्या शिफ्टवर गेला. मग वारज्याच्या पाण्यावर गेला.

निघताना माझा चष्मा त्यांच्या गॅलरीतच राहिला. मी दोन मजले उतरलो असेन तोवर वरून दारातून हाक आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझं नाव घेतलं होतं, पुढे राव लावून. मला ती स्वच्छ ऐकू आली. मी ओ दिली नाही. जिना उतरून फाटकाशी जाऊन थांबलो. दुसरी हाक जिन्याच्या तोंडाशी झाली. मग चपलांचा आवाज सावकाश तीन मजले खाली उतरत आला. मामा चष्मा घेऊन फाटकाशी आले. मी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर उभा होतो.

त्यांनी तिसरी मारली. मग मी ओ दिली.